आधी नियम, मग आराखडा

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून रावेरपर्यंत, दगडगोटे, वाळू आणि माती यांचा एक लांबच लांब पट्टा पसरलेला आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेली ही भर. भूजलाचे अभ्यासक तिला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगर सोडून सपाटीला लागतात तेव्हा त्यांचं बरंचसं पाणी या पट्ट्यात जिरतं आणि पुढे तापीकडच्या विहिरींना, कूपनलिकांना मिळतं. यावल-रावेरची केळी या पाण्यावर उभी आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचे ट्रक थेट उत्तर भारतापर्यंत जातात. पण पाण्याची पातळी खाली खाली चालली आहे, हे सावदा-फैजपूरच्या बागायतदारांना कोणी सांगायला नको. पाणी जिथे जिरायचं त्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, झाडोरा विरळ झाला की लोंढा येतो आणि निघून जातो. खाली मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

त्या वरच्या अंगाला यावल अभयारण्य आहे. १९६९ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर, उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द. साग, अंजन, सलई, धावडा, खैर, टेंभुर्णी, मोह यांचं पानगळीचं जंगल. आत आणि कडेला पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी भिल्ल यांची वस्ती. जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा, उसमळी ही नावं जळगावच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. बहुतेक वेळा बातमी रस्त्याची असते, अतिक्रमणाची असते, नाहीतर पकडलेल्या सागवानाची असते. या गावांनी आपल्या जंगलाचं काय करायचं ठरवलं आहे, ही बातमी फारशी होत नाही. माझ्या मते खानदेशातल्या जंगलाचा आणि पाण्याचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. संरक्षित जंगलातल्या गावानं आपल्या परिसराचं नियोजन स्वतः केलं तर ते कसं करतं, कायदा त्याच्या हाती काय देतो, आणि बाहेरच्यांनी मदत करायची तर ती कशी?

आराखड्यांना तोटा नाही. वनविभागाची कार्य आयोजना असते. अभयारण्याचा स्वतंत्र व्यवस्थापन आराखडा असतो. ग्रामपंचायत ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली आपला आराखडा करते. रोजगार हमीच्या कामांचं नियोजन वेगळं, यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं वेगळं. पाड्यावरच्या माणसाला मात्र डोंगर एकच असतो आणि नालाही एकच. त्याच नाल्यावरचा बंधारा एका कागदात असतो, नाल्याकाठची झाडं दुसऱ्यात, तिथे पाणी प्यायला येणारी जनावरं तिसऱ्यात, आणि तिथे शेती करणारं कुटुंब कदाचित कोणत्याच कागदात नसतं. हे सगळे कागद तालुक्याला किंवा जिल्ह्याला तयार होतात. ज्यांच्या रोजच्या वागण्यावर त्यांचं यशापयश ठरणार, त्यांनी ते पाहिलेलेही नसतात.

खानदेशाला दुसऱ्याने केलेल्या मोजणीचा जुना अनुभव आहे. १८५२ साली इंग्रज सरकारने इथे जमिनीची मोजणी सुरू केली तेव्हा सावदा, फैजपूर, चोपडा, एरंडोल या भागातले शेतकरी मोठ्या संख्येने जमले, मोजणी अधिकाऱ्यांना घेरलं आणि काम थांबवायला लावलं. मोजणी झाली की सारा वाढणार, ही धास्ती होती. सरकारने फौज आणून तो उठाव मोडला. पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि डोंगरातल्या जंगलावर राखीव वनाच्या हद्दी पडल्या. दोन्ही वेळा मोजणीची साखळी परक्या हातात होती, आणि हद्द आखली गेल्यावर आतल्या माणसाला ती कळली. याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, शेतकऱ्याच्या हक्कांचा कार्यक्रम तिथे मांडला गेला. जंगलातल्या गावाच्या हक्काला कायद्याचं रूप यायला मात्र त्यानंतर सत्तर वर्षं लागली.

कायद्याची वाट न पाहता एका गावाने काय केलं ते आधी पाहू. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या डांगला लागून बारीपाडा आहे. शंभरच्या आसपास घरांचा कोकणा आदिवासींचा पाडा. १९९० च्या सुमारास इथलं जंगल जवळजवळ संपलं होतं. झाड तुटलं, माती गेली, विहिरी आटल्या, बाया पाण्यासाठी लांब जाऊ लागल्या, आणि पोट भरायला माणसं ऊसतोडीला नाहीतर मजुरीला बाहेर पडू लागली. गावातल्या चैत्राम पवार या तरुणाने एम.कॉम. केलं होतं. शहरात नोकरी मिळाली असती. ते गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रम आणि त्याचे कार्यकर्ते डॉ. आनंद फाटक यांची साथ मिळाली, आणि १९९२ च्या आसपास गावाने जंगल राखायला सुरुवात केली.

सुरुवात रोपांनी झाली नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. गावाने बसून नियम केले. ओलं झाड तोडायचं नाही. जळणासाठी वाळलेलं लाकूड घ्यायचं, तेही डोक्यावर मावेल तेवढं. जंगलात बैलगाडी न्यायची नाही, कारण गाडी गेली की गरज संपते आणि धंदा सुरू होतो. नियम मोडला तर दंड, मग तो गावातला असो की शेजारच्या गावातला, आणि चोरी कळवणाऱ्याला बक्षीस. राखण गावातल्याच माणसांनी करायची. साग, ऐन, मोह यांचे बुंधे मातीखाली जिवंत होते. त्यांना कुऱ्हाडीपासून आणि दातांपासून काही वर्षं वाचवलं की ते आपोआप फुटतात. सुमारे ४४५ हेक्टर जंगल अशा रीतीने पुन्हा उभं राहिलं. उतारांवर लोकांनी श्रमदानातून शेकडो छोटे दगडी बांध घातले. पाणी थांबलं, विहिरींना आलं, आणि भातापलीकडे दुसरं पीक शक्य झालं. चारसूत्री पद्धतीने भात होऊ लागला, इंद्रायणी तांदळाचं उत्पादन वाढलं, ऊस आला, गुऱ्हाळ आलं. स्थलांतर थांबलं.

२००४ पासून गावात पावसाळ्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. शेवळं, करटोली, कुरडू, टाकळा, चाई, बांबूचे कोंब, कडूकंद अशा कितीतरी भाज्या बाया रांधून मांडतात. नियोजनाच्या भाषेत याला गंमत समजून सोडून देऊ नये. कोणती भाजी कोणत्या नाल्याला, कोणत्या पावसानंतर येते, कोणती दोन वेळा उकडल्याशिवाय खायची नाही, कोणती हल्ली दिसेनाशी झाली आहे, हे ज्ञान गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे असतं, आणि कोणत्याही सभेत त्यांना कोणी ते विचारत नाही. स्पर्धेने ते ज्ञान चार लोकांसमोर मानाने मांडायला जागा दिली. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ती बऱ्याच ठिकाणी कार्यालयात बसून भरली जाते. बारीपाड्यातली ही एक दुपार कोणत्याही नोंदवहीला भारी आहे.

चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान योग्यच आहे. पण त्या निमित्ताने झालेलं बरंचसं लेखन एका माणसाच्या चमत्काराभोवती फिरलं, आणि तिथे मला अडखळायला होतं. एका माणसाच्या सांगण्यावरून गाव महिनाभर कुऱ्हाड खाली ठेवेल. तीस वर्षं ठेवायची तर नियम गावाचा असावा लागतो आणि तो मोडणाऱ्या भावकीतल्या माणसाला दंड करायची तयारी असावी लागते. पवार यांचं मोठेपण हे की त्यांनी निर्णय स्वतःजवळ न ठेवता बैठकीत ठेवले.

बारीपाड्याच्या हाताशी सुरुवातीला कायद्याचा आधार फार नव्हता. केंद्र सरकारचं १९९० चं परिपत्रक आणि त्यावरून १९९२ मध्ये राज्याने आणलेलं संयुक्त वनव्यवस्थापन, एवढंच. त्या योजनेत गावाची समिती असे, पण तिचा सचिव वनकर्मचारी आणि तिचं अस्तित्व विभागाच्या मर्जीवर. म्हणूनच बारीपाड्यासारखी गावं वेगळी उठून दिसतात. राज्यात कितीतरी समित्या निधी असेपर्यंत चालल्या आणि नंतर फक्त फलकावर राहिल्या.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदललं. आपल्याकडे या कायद्याची चर्चा वैयक्तिक दाव्यांभोवतीच फिरते: १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट, किती गुंठे, कोणाचा दावा मंजूर, कोणाचा फेटाळला. त्याच कायद्यात सामूहिक वनसंसाधनाचा हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या गाव ज्या जंगलाचा वापर करत आलं, त्याचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा तो हक्क. आणि या जंगलात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात, असं कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलेलं आहे. अभयारण्यात वनहक्क लागू नाही, असं आजही काही ठिकाणी गावकऱ्यांना सांगितलं जातं. ते चूक आहे.

नियमांची वाटही ठरलेली आहे. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान एक तृतीयांश बाया हव्यात. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार हक्क मिळाल्यावर ग्रामसभेची समिती संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा तयार करते, आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या हक्कांपैकी तो एक. तिथे बांबू होता, बांबूला बाजार होता, आणि त्यामुळे ग्रामसभेच्या खात्यात पैसा आला. सातपुड्यात ती सोय नाही. इथे मोह, चारोळी, डिंक, तेंदूपाने. उत्पन्न थोडं, विखुरलेलं, पावसावर अवलंबून. विदर्भातलं यश जसंच्या तसं खानदेशात आणू पाहणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

यावलची गोष्ट या कायद्याशिवाय सांगता येत नाही. एकेकाळी हे अभयारण्य अतिक्रमण आणि वृक्षतोडीसाठी राज्यभर चर्चेत होतं. जंगल साफ करून शेती करणाऱ्यांत आतल्या पाड्यांची माणसं होती, बाहेरून येऊन बसलेलीही होती, आणि सागाची तस्करी करणारी टोळी तर वेगळीच. कारवाई झाली की जुना रहिवासी आणि नवा घुसखोर यांच्यात फरक करायला कोणाकडे साधन नसे. हक्कच नोंदलेला नसेल तर फरक करायचा कशावरून? प्रतिभा शिंदे यांच्या नेतृत्वाखाली लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेने जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये वनहक्काचे दावे लावून धरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत निघालेल्या मोर्चातही ही मागणी होती. यावल अभयारण्यातल्या गावांचे सामूहिक हक्क मान्य होऊ लागले तसा चित्रात एक महत्त्वाचा बदल झाला. ज्या गावाचा जंगलावर नोंदलेला हक्क आहे, त्याला नवं अतिक्रमण हा आपल्या मालमत्तेवरचा घाला वाटतो. ते अडवायला ग्रामसभा स्वतः पुढे होते. वनरक्षक एकटा पाच-सात चौरस किलोमीटर सांभाळू शकत नाही. पाडा सांभाळू शकतो.

हक्कावरचा हा विश्वास ठिसूळ असतो, हेही सांगायला हवं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत कितीतरी पाड्यांवर एकच प्रश्न होता: आपण राहणार की जाणार? उद्या इथे असू याची खात्री नसलेला माणूस वीस वर्षांत मोठं होणारं झाड कशाला राखेल? म्हणून मी म्हणतो, सुरक्षित हक्क हा नियोजनाचा पाया आहे. आधी चांगलं वागून दाखवा, मग हक्क देऊ, ही अट उलटी आहे.

आता आराखडा प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. पहिलं काम शिवारफेरी. गावातली जुनी माणसं, गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया, तरुण पोरं आणि वनरक्षक असे सगळे मिळून हद्दीवरून चालतात. खडक, झरा, देवाचं ठाणं, जुना नाका, पडलेली विहीर अशा खुणा धरत जीपीएसवर बिंदू घेतात. शेजारच्या गावाची माणसं बरोबर असतील तर वाद जागेवर मिटतो. नसतील तर पुढची दहा वर्षं तो पुरतो. चालताना जंगलाचे भाग पडत जातात: इथे साग दाट आहे, इथे फक्त कुसळी, इथे पवन्या आणि मारवेल गवत टिकून आहे, इथे घाणेरीने सगळं झाकून टाकलं आहे. नकाशा नंतर संगणकावर चढतो, पण भाग पाडण्याचं खरं काम त्या चालण्यात होतं.

मग नियमांवर बैठका, आणि इथे वेळ द्यावा लागतो. वणव्याचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. पालापाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखाली पाला पेटवला जातो आणि आग पसरते. ‘वणवा लावू नये’ असा फलक लावून ही आग थांबत नाही. झाडाखालची जागा झाडून घ्यायची की जुनं कापड, जाळी अंथरायची, कोणतं मोहाचं झाड कोणत्या घराचं, जाळरेषा कोणी आणि कधी काढायच्या, आग दिसली तर पहिली हाक कोणाला, हे ठरलं तर थांबते. चराईचंही तसंच. डोंगराचे तीन भाग करून एक भाग आलटून पालटून बंद ठेवला तर गवत बी धरतं आणि दुसऱ्या वर्षी चारा वाढतो. पण बंद भागाच्या पायथ्याला ज्याचं घर आहे, त्याच्या चार शेळ्या कुठे जायच्या? हे उत्तर आराखड्यात नसेल तर पहिला नियम तोच मोडेल, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही.

आराखड्यात वन्यजीव कुठे बसतो, असा प्रश्न निसर्गप्रेमी नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. खानदेशाकडे याचं फार चांगलं उदाहरण आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला दिसलं. पुढे सातपुड्यात इतरत्रही आढळलं, यावलच्या जंगलातही. या पक्ष्याला दाट काळोखं रान नको असतं. त्याला सागाचं मोकळं जंगल, मधे मधे उघड्या जागा, आणि घरट्यासाठी ढोली असलेलं जुनं झाड लागतं. म्हणजे माणूस हजारो वर्षं वावरलेल्या जंगलात तो टिकून राहिला. पण पोकळ, वठलेलं झाड हेच जळणासाठी सगळ्यात आधी तुटतं. ढोलीचं झाड उभं ठेवायचं, एवढी एक ओळ गावाच्या नियमात आली तर या घुबडाचं जितकं भलं होईल तितकं एखाद्या कुंपणाने होणार नाही. गावाला ती ओळ सुचायला मात्र कोणीतरी पक्षी जाणणारा माणूस बैठकीत हवा, आणि त्याने आदेश न देता सांगायला हवं.

एक अवघड गोष्ट राहते. गावाने नियोजन केलं म्हणजे ते सगळ्यांना न्याय्य झालं, असं नाही. साक्री-धुळे भागातले ठेलारी मेंढपाळ वर्षातले कितीतरी महिने मेंढ्या घेऊन फिरतात. काठेवाडी गवळी गाईंचे कळप घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला येतात. ज्या गावाने चराईबंदी केली, त्याच्या दृष्टीने ते बाहेरचे आणि नुकसान करणारे. त्यांच्या दृष्टीने वर्षानुवर्षांची वाट अचानक बंद झालेली असते. भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही वनहक्क कायद्यात आहे, हे पुष्कळ ग्रामसभांना कोणी सांगितलेलंच नसतं. मेंढ्यांचा खतासाठी उपयोग असतो, मेंढ्या शेतात बसवायला शेतकरी पैसे मोजतो. म्हणजे देवाणघेवाणीला जागा आहे. वाट कोणती, मुक्काम किती रात्री, कोणत्या महिन्यात, हे दोघांनी बसून ठरवायला हवं. गावाच्या आत बायांचं, भूमिहीनांचं, गुराख्यांचं ऐकलं जातं का, हाही प्रश्न आहेच. कोरमसाठी एक तृतीयांश बाया हव्यात असा नियम आहे. पण सभा दुपारी भरली, त्या वेळी बाया मजुरीला असल्या, तर सह्या घरी जाऊन घेतल्या जातात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. सभा रात्री, पाड्यावर, त्यांच्या बोलीत घ्या, फरक दिसतो.

पाण्याच्या कामांचं म्हणाल तर सपाटीवरचा शिरपूर पॅटर्न खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, साखळी बंधारे घालून शिरपूर तालुक्यात पाणी मुरवलं. ते काम मोठं आहे. पण ते यंत्राचं काम आहे आणि सपाटीवरच्या नाल्यांना शोभणारं. तीव्र उताराच्या जंगलात पोकलेन चढवून माती उकरणं हा त्याचा चुकीचा अनुवाद होईल. डोंगरात पाणी गवत मुरवतं, पालापाचोळा मुरवतो, छोटा दगडी बांध मुरवतो, आणि ही तिन्ही कामं गावाच्या शिस्तीवर चालतात.

मदत करणाऱ्यांनी काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. पैसा सगळ्यात शेवटी आणावा. नियम व्हायच्या आधी निधी आला की गावात गट पडतात, समितीत शिरायला चढाओढ लागते, आणि आराखडा म्हणजे कामांची यादी होऊन बसतो: एक सभामंडप, एक सौरदिवा, एक सिमेंट बंधारा. त्याऐवजी आधी कागद मिळवून द्यावेत. जुने नकाशे, वननोंदी, गॅझेटिअरमधले उल्लेख, दाव्याचे नमुने भूमी अभिलेख आणि वनकार्यालयातून काढणं पाड्यावरच्या माणसाला फार जड जातं. गावातल्याच चार पोरापोरींना जीपीएस आणि नकाशा शिकवावा. बाहेरून तज्ज्ञ येऊन नकाशा करून गेला की पुढच्या वादाला गाव पुन्हा परावलंबी. आराखडा पावरी, भिली, कोकणा बोलींत मोठ्याने वाचून दाखवावा आणि मराठीतली अंतिम प्रत पाड्यावरच राहावी. आणि बैठकीत आपण गप्प बसायला शिकावं. हे सगळ्यात कठीण. बाहेरचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उत्तर देतो आणि गावाची विचार करण्याची संधी जाते. नंतर निधी आलाच तर रोजगार हमीतून, आदिवासी विभागातून, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून येऊ शकतो. तो ग्रामसभेच्या ठरावाप्रमाणे खर्च व्हावा, आणि हिशेब सभेत वाचला जावा.

सगळी संरक्षित क्षेत्रं एकाच साच्याची नसतात, हेही विसरू नये. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य १९८६ चं, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं. मुक्ताईनगरकडचं मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ चं, सुमारे १२३ चौरस किलोमीटरचं. तिथे वाघ केळीच्या बागांतही वावरतो. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असं वन्यजीव कायद्यातच आहे. वाघ आणि केळीची बाग यांची गाठ पडते तिथे बागायतदार, मजूर आणि वनखातं यांनी एकत्र बसून रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या, विजेच्या वेळा, बागेतला वावर हे ठरवणं म्हणजेच नियोजन. तिथे अजून फारच थोडं काम झालं आहे आणि ते तातडीचं आहे.

आणि शेवटी एक ताजी तरतूद, जी खानदेशातल्या प्रत्येक वाचकाने माहीत करून घ्यावी. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभांशी रीतसर विचारविनिमय करून तयार करायचा, असं आता कायदा सांगतो. यावल आणि अनेर या दोन्ही अभयारण्यांना तो लागू होतो. ज्यांच्या विहिरींना वरच्या जंगलाचं पाणी येतं त्या बागायतदारांनी, बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या भूगोल आणि पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांनी, जळगाव-धुळ्याच्या वकिलांनी आणि पत्रकारांनी एवढं तरी विचारावं: आपल्या अभयारण्याच्या आराखड्यासाठी कोणकोणत्या पाड्यांवर ग्रामसभा झाल्या, कोणत्या तारखेला झाल्या, आणि त्यांनी काय सुचवलं? माहिती अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. तो करा, आणि मिळालेलं उत्तर त्या पाड्यांपर्यंत पोचवा.